खोडलेली ओळ

लाखनीच्या हायवेवरचा तो मिस्त्री शोरूमवाल्यांना कधी नावं ठेवत नाही. शोरूमनं दिलेल्या कामांच्या यादीवर बोट ठेवून फक्त विचारतो, "कायले?" आणि कानावरची पेन्सिल काढून ती ओळ खोडतो. इंजिन फ्लशिंग, एसीची फवारणी, सगळं जातं.

त्याचं पाहून पाहून मलाही शहाणपण सुचलं. परवा मी यादी घरूनच खोडून नेली. त्यानं ती वाचली, बोनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट काळंकुट्ट झालं होतं.

"हे कोनं खोडलं?"

"मीच."

त्यानं चावी स्वतःच्या खिशात टाकली. "गाडी आज नाही भेटत सायेब. पायी जा."

सकाळीच त्या गाडीतून मुलीला शाळेत सोडलं होतं.