भैरोबाच्या मंडपातली अंगणवाडी

रिहे गावाच्या वरच्या वाडीतली अंगणवाडी भैरोबाच्या सभामंडपात भरते. स्वतःची खोली मंजूर झाली, उभी राहिली नाही. मुलं घंटेखाली खिचडी खातात. वजनकाटाही तिथल्याच तुळईला टांगलेला. सेविका आशालता. निदान छप्पर तरी आहे, असं ती स्वतःला समजावते. पण हे छप्पर आपलं नाही, हे तिला क्षणभरही विसरता येत नाही.

लसीकरणाच्या दिवशी धनगराची सोनाली पायऱ्यांखाली येऊन थांबली. पदराखाली आठवड्याचं बाळ. पालावरच बाळंत झालेली. बाळाला अजून एकही लस नाही. उद्या त्यांची मेंढरं ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणार. मग त्यांना कोण कुठे शोधणार?

"वर ये गं."

"विटाळ हाय, बाई."

गुरव येसाजी खांबाला टेकून बसले होते. "तिला कळतंय, तुमाला कळंना. सरकारला हितं भाडं न्हाई, लाईटबिल न्हाई. देवाचं एवढं तरी पाळा."

आशालता नर्सकडे वळली. "सिस्टर, खाली येऊन टोचता?"

"लसीकरण सत्राची जागा मंदिर आहे, ताई. रस्त्यावर टोचलं आणि बाळाला काही झालं, तर जाब मला विचारतील. इथंच आणा."

येसाजींचा देव, सिस्टरचा नियम. दोघंही जागचे हलेनात. आशालताच तरातरा पायऱ्या उतरली.

"तू नको चढूस. बाळ दे."

"देव मेंढरांवर कोपला म्हंजी?"

"दोष माझ्यावर."

"हळू नगा म्हनू. देवाला ऐकू जाऊंद्या."

आशालता गाभाऱ्याकडे तोंड करून तेच मोठ्यानं ओरडली. मग बाळ उचलून वर नेलं. सुई टोचली, बाळ कळवळलं. आशालतानं खाली आणून दिलेलं पोर छातीशी घेऊन सोनाली भरभर निघून गेली.

येसाजी उठले. "दोष तुमचाच ना? मंग बाहेरच ऱ्हावा. विटाळ फिटंस्तवर पायरी चढायची न्हाई. पोरं बी न्या."

"अंगणवाडी बंद ठेवता येत नाही, बाबा."

"मंग भरवा की! रस्ता सरकारचाच हाय."

मंडपात अंगणवाडी भरवण्याचा सरकारी आदेश तिच्या बाजूनं होता. ती खुशाल आत बसू शकली असती, येसाजींनी काही तिला ओढून काढलं नसतं. ती पायरीपर्यंत गेलीही. पाय उचलेना. शब्द तिनं येसाजींना नाही, देवाला दिला होता.

तिनं मुलांना हाका मारल्या. ताटल्या सांभाळत मुलं उतरली. तिनं त्यांना रस्त्याकडेला ओळीनं बसवलं आणि स्वतः गाड्यांच्या बाजूला उभी राहिली. फार्महाऊसकडे निघालेली एक गाडी हॉर्न वाजवत अगदी जवळ आली. आशालता बाजूला झाली नाही.