करंगळीचा ठसा

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. यंत्र माझा अंगठा ओळखेना. "आजोबा, नीट दाबा की," तिथली मुलगी वैतागली, आणि मला तारापूरकडचं मिठागर आठवलं.

पासष्ट सालच्या आसपास मी बोईसरला शिक्षक होतो. माझी विद्यार्थिनी सखू, तिचा कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच दिवशी पालघरच्या कचेरीत पोचायला हवा होता. मिठागरात राबणाऱ्या तिच्या बापाचा अंगठा तेवढा राहिला होता. शाईचा पॅड घेऊन, सखूला बरोबर घेऊन मी भर उन्हात मिठागर गाठलं. आधी रद्दी कागदावर बघितलं, तर नुसता काळा डाग. एक रेघ उमटेना, आणि गाडीची वेळ होत आलेली.

"नीट दाबा की!" मी खेकसलो.

त्याने अंगठा कमरेच्या फडक्याला पुसला. "चुकलं, गुरजी. मिटानं रेगा खाल्ल्या हायत."

सखूनेच त्याची करंगळी पुढे ओढली. तिच्यावरच्या रेघा शाबूत होत्या. मी अर्जावर करंगळीचा ठसा घेतला, शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं आणि धावत जाऊन गाडी पकडली. शिष्यवृत्ती मिळाली.

इतकी वर्षं मला त्या खोट्याचीच बोच होती. आज बँकेत मी अंगठा सदऱ्याला पुसला आणि नकळत बोलून गेलो, "चुकलं, बाई."