माझ्या मागची भिंत

"तो इथे साफसफाई करतो," मालकीणबाई म्हणाल्या.

आधी इंग्रजीत म्हणाल्या, मला कळावं म्हणून. मग त्यांच्या भाषेत म्हणाल्या, समोर उभ्या असलेल्या एका मुलीच्या आईला कळावं म्हणून.

व्हिएतनाममधल्या एका शहरातली लहान मुलांची इंग्रजी शाळा. पुढे वर्ग, मागे सामानाची खोली. त्या दिवशी पालकांना वर्ग दाखवायचा होता. मुलांची तयारी मी करून घेतली होती. गाणी, रंग, फळं, नाव सांगणं, सगळं. पण पालकांपुढे उभा होता एक गोरा पोरगा. फिरायला आलेला, बारमध्ये कामाला असलेला. इंग्रजी त्याच्याही घरची भाषा नव्हती. पण तो गोरा होता. मला सांगून ठेवलं होतं की पालक जाईपर्यंत मागच्या खोलीतून बाहेर यायचं नाही.

मी बसलो होतो. तेवढ्यात एका चिमुरडीने दार ढकललं. मला बघितलं आणि आईला हाताला धरून ओढत आणलं. "माय टीचर," ती म्हणाली. नीट, स्पष्ट, मी शिकवलं होतं तसं.

तेव्हा मालकीणबाई ते वाक्य बोलल्या.

मी मान हलवली. कोपऱ्यात बादली होती, ती उचलली. उचल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून उचलली.

आईने पोरीच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. खोटं बोलते म्हणून. पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. सर आता सांगतील, असं तिला वाटत असावं. मी फरशी पुसायला लागलो.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझ्या क्लासमधली सुषमा परदेशी निघाली नसती तर अजूनही सांगितलं नसतं.

मी गोंदियाकडच्या नवेगाव बांधचा. ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा. गावातल्या मोठ्या घरी लग्न असलं की पाणी भरायला आमची माणसं. आमच्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं. पंगत बसली की आम्ही मांडवाच्या मागे. बाप कौतुकाने सांगायचा, "आपल्यावाचून त्याइचं लग्न होत नाही बाबू." मलाही त्यात मान वाटायचा. बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी इंग्रजीच्या आधी शिकलो होतो. मालकीणबाईंना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

इंग्रजीत एम.ए. केलं, बी.एड. केलं. कॉलेजात तासिकांवर शिकवत राहिलो. कायमची जागा निघाली की संस्थाचालकांच्या घरातलं कोणीतरी निघायचं. चाळिशी जवळ आली. गोंदियातला एक शेठ माणसं परदेशी पाठवायचा. तो म्हणाला, "सर, वहाँ टीचर की बड़ी इज्जत है." मी गेलो. तिथे इज्जत होती. फक्त ती दुसऱ्याच्या तोंडावर रंगवलेली होती.

करार संपला आणि परत आलो. घरी नीट टेकलोही नव्हतो, तर समाजमंदिरात सत्कार ठेवलेला. आमच्याकडे पोरगा पोलीस झाला तरी सत्कार, पोरगी नर्स झाली तरी सत्कार. शाल, नारळ, दोन शब्द. वर्गणी काढून आणलेली शाल खांद्यावर पडली. अध्यक्ष म्हणाले, "आपल्यातला पहिला फॉरेनचा मास्तर." माझी आई पहिल्या रांगेत होती. शाल पडायच्या आधी बोलायला सांगितलं असतं तर कदाचित खरं बोललो असतो. शाल पडल्यावर कसं सांगणार की मी फरशी पुसली? मी म्हणालो, "तिकडे शिक्षकासमोर लोक वाकतात." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनंतर पुढचं खोटं बोलायला कष्ट पडले नाहीत.

अर्जुनी मोरगावला स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला. चालला. रिकाम्या वर्गात फळ्याजवळ काढलेला माझा फोटो शेठने त्याच्या फ्लेक्सवर लावला. माझ्या क्लासची पोरं तो पाठवायला लागला. "दो शब्द बोल दीजिए सर, बच्चों का हौसला बढ़ता है," म्हणायचा. मी बोलायचो. माझं ऐकून क्लासमधला उमेश गेला. व्हिएतनामला नाही, दुसऱ्याच देशात. कोणत्या शहरात, ते शेठ दर वेळी वेगळं सांगायचा.

उमेशची आई बाजारात मासोळी विकते. एकदा मला म्हणाली, "सर, पोरगा रोज बोलते. पण मांगं नुसती भितच दिसते जी. म्हटलं, मास्तर झाला तं शाळा दाखव. तं म्हणते, नेट नाही. आता नेट नाही तं तू दिसतेस कसा रे बाबू?" आणि ती हसली. मलाही हसावं लागलं.

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. उमेश वाळला होता. मला बघून तो बाजूला कुठेतरी बघू लागला. मग म्हणाला, "सब ठीक है सर. बहुत अच्छा है."

हा पोरगा माझ्याशी जन्मात हिंदी बोलला नव्हता. हिंदी समजणारं कोणीतरी त्याच्या बाजूला बसलं होतं.

आणि ती भिंत मला ओळखीची होती. मीही तशाच भिंतीपुढे बसायचो. आधी झाडू, बादल्या बाजूला सारायचो, मग घरी फोन लावायचो आणि सांगायचो, आत्ताच वर्ग संपला. फरक एकच. माझ्या खोलीचं दार माझ्या हाताने उघडायचं.

मी फोन परत दिला. काही बोललो नाही. माझं गप्प राहणं हीही बादलीच होती. पुन्हा उचलली.

मग सुषमाचं जायचं ठरलं. उमेश गेला तिथेच, इंग्रजी शिकवायला. माझ्या क्लासमधली सगळ्यात हुशार पोरगी. बाप तलावावरच असतो. समाजमंदिरात सत्कार ठेवला आणि शाल माझ्या हस्ते ठरली.

मांडी घालून बसलेल्या बाया तिची थट्टा करत होत्या. "सुषमे, तिकडच्या पोराइले शिंगाडा म्हनाले शिकवजो."

"इंग्रजीत शिंगाड्याले का म्हनतेत, तेच इले माहीत नसन."

"सरले विचार न. सर तिकडून आले."

सगळ्या हसल्या. सुषमाही हसली. उमेशची आई दाराजवळ बसली होती. शेठ खुर्चीवर. माझ्या हातात शाल दिली आणि पुढ्यात माइक धरला.

मी शाल तशीच धरून उभा राहिलो. म्हणालो, "मी तिकडं मास्तर होतो. पण लोक आले की मले मांगच्या खोलीत बसवत होते. एका लेकराच्या मायसमोर सांगतलं का हा साफसफाई करते. मी हो म्हटलं. फरशी पुसली. लेकराले खोटं पाडलं. इथं येऊन तुमच्याशी खोटं बोललो. माह्या खोट्यावर उमेश गेला. तो शाळेत नाही. तो कुठं आहे, मले माहीत नाही. सुषमाले पाठवू नका."

मागे कोणीतरी हसलं. त्याला गंमत वाटली असावी.

शेठ उठला. "सर की तबियत ठीक नहीं है." मग शेजारच्या माणसाकडे वळून हळूच म्हणाला, "मच्छी मारने वालों को हमने हवाई जहाज दिखाया, उसका ये फल." माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. कोणी उठलं नाही. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि गमछा सारखा केला. ती मान मी ओळखली. माझीच होती.

सुषमाचा बाप मला म्हणाला, "सर, तुम्ही खाऊन आले. आता माह्या पोरीच्या पुढचं ताट कायले ओढता?"



सुषमा जवळ आली. "सर, तुम्ही मांगच्या खोलीत बसले. वापस आले, क्लास काढला, घर बांधलं. मी बी बसन. का बिघडते?"

"मले दार उघडता येत होतं," मी म्हणालो. "उमेशले येते का, ते विचार."

तिने तिथेच फोन लावला. उमेशची आई उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. बायाही गोळा झाल्या. उमेश दिसला. मागे भिंत.

"दादा, एक काम कर," सुषमा म्हणाली. "उठ आन् दार उघडून दाखव. बाहेर का आहे, पाहू दे."

उमेश हसला. तसाच हसत बाजूला बघू लागला. कितीतरी वेळ. "बाद में करता हूँ," तो म्हणाला. एक हात पुढे आला. तो उमेशचा नव्हता. फोन बंद झाला.

उमेशची आई खाली बसली.

शेठ म्हणाला, "नेटवर्क का प्रॉब्लेम है."

"माहा पासपोर्ट द्या," सुषमा म्हणाली.

"ऑफिस में है, बेटा. कल आ जाना."

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन गेली. ऑफिसला कुलूप होतं. त्याच संध्याकाळी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "सर, आपने भी तो भेजा है. सोच लीजिए." एवढंच बोलून ठेवला.

मी विचार केला आहे. बरोबर बोलला तो. शेठने नेलं, मी पाठवलं. उद्या पोलीस ठाण्यात तक्रार देताना हे दोन्ही सांगणार आहे, याच क्रमाने. क्लास बंद होईल. पोरांचे बाप दारात येतील. कदाचित मलाच आधी आत बसवतील. वकील मित्र म्हणतो, तेवढं दुसरं वाक्य गाळ. ते गाळलं तर मी अजून त्या मागच्या खोलीतच आहे.

उमेशची आई बरोबर येणार आहे. ती माझ्याशी बोलत नाही. बोलावं, अशी माझी अपेक्षाही नाही. ठाण्यातले साहेब म्हणतील, बाईंना बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. मी बाहेर थांबणार नाही.