चार चौकटींतली आई

हॅम्बर्गला आमच्या स्टेशनखाली फोटोचं दुकान आहे. तिथल्या माणसाचं नाव मी काही विचारलं नाही. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि तरी टेबलावर चाचपत काहीतरी शोधणारा.

माझ्या आईचा एकच फोटो आहे, काळा-पांढरा. नातीला तो भिंतीवर लावायला पॉप आर्टसारखा हवा होता. त्याने कॉम्प्युटरवर चार चौकटी मांडल्या आणि चेहरा कुठे गुलाबी केला, कुठे निळा. प्रत्येक रंगाला आपणच "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान डोलवायचा. मजा वाटत होती, पण आई काही दिसेना. मग लक्षात आलं, कपाळ कोरं होतं. जुन्या फोटोवरचा डाग समजून त्याने कुंकूच पुसलं होतं.

"अगं, सांग त्याला, तो डाग नव्हे."

नातीने जर्मनमध्ये सांगितलं. तो ओशाळला, उठला, मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि माऊस हातात दिला. नात हसत म्हणाली, "आजी, तो म्हणतोय, रंग मला कळतात, जागा यांनाच माहीत."

मी माऊस कपाळावर नेला. आईला कुंकू लावलं मी, लालच, चारही कपाळांवर.

मागून आवाज आला, "गेनाऊ."