एका चेडवाच्या तीन आवशी

“एका पोरीला आया तीन? मग बाप किती गं?”

दवाखान्याच्या पडवीत उभा राहून कंपाउंडर हे बोलला आणि बाकावरची पांढऱ्या कपड्यांतली माणसं फिदीफिदी हसली. आम्ही तिघी खाली उन्हात. माझ्या मांडीवर माझं दहा महिन्यांचं चेडू, जुलाबांनी पार चिपाड झालेलं. बाजूला शेजारची पारूवैनी आणि म्हातारी जनाकाकी. स्वराज्य आलं होतं, पण आम्हाला पडवीत बसायला मनाई. मासळीचा वास येतो म्हणे.

मी सुकी मासळी घेऊन कुडाळच्या बाजाराला जायचे. दोन-दोन दिवस बाहेर. मागे चेडवाला अंगावर पाजायची पारूवैनी, स्वतःच्या तान्ह्या झिलाबरोबर. धुवायची, निजवायची काकी. आमच्या वाडीतली सगळी पोरं अशीच जगली.

“एकटी आत ये. ह्या घाणेरड्या कोण तुझ्या?” कंपाउंडर खेकसला.

मी मान खाली घालून म्हटलं, “कोणी नाहीत.”

थू माझ्या जिभेवर! वैनीच्या चोळीवर तेव्हा माझ्याच पोरीचं दूध पाझरत होतं.

आत डॉक्टरने विचारलं, जुलाब किती? रक्त पडतं? लघवी कधी झाली? मला काय ठाऊक! मी सकाळीच बाजारातून आले होते.

“आई आहेस की दगड?” तो ओरडला.

वैनी दारातून सांगायला लागली. कंपाउंडरने तिला केसांना धरून पायरीवरून ढकललं. तिचं कपाळ फुटलं.

माझं डोकंच फिरलं. चेडवाला टेबलावर ठेवलं, धावले आणि त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. त्याने थोबाडीत मारली, तरी सोडला नाही. तोंडात त्याचं रक्त आलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

तो हात धरून खाली बसला, तशी मी ओरडले, “वैनी, आत ये गो!”

रक्ताळल्या कपाळाने ती टेबलापाशी आली. “काल सांजेपासून मुतूक नाय. रगत पडता. आज दूध ओढणा नाय.”

डॉक्टरचा चेहरा उतरला. “आधी का नाही सांगितलं?” म्हणत तो सुई भरायला धावला.

कुणी सांगू दिलं, भडव्या? तेव्हा हे तोंडातून निघालं नाही.

चेडू जगलं. म्हणून मी कुणाला माफ केलं नाही. स्वतःलाही नाही.

आठवड्याने वाडीतलं आणखी एक पोर तापलं. त्याच्या आईबरोबर आम्ही अकराजणी गेलो. कंपाउंडर दारात आडवा, हाताला पट्टी.

“एकीनेच आत जायचं.”

मी म्हटलं, “आमी सगळ्यो जातलंव. दार सोड, नायतर दुसरो हात दी.”