ममताच्या हातातलं वल्हं

सिल्वासाजवळच्या मसाटच्या चाळीत ममताला येऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिचं सिल्वासा म्हणजे खोली, कंपनी, बाजार आणि मुलांची शाळा. नवरा समाधान दोऱ्याच्या कंपनीत मशीनवर, ती दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. मे उजाडला की मुलांना घेऊन शिंदखेड्याकडे सासरी जायचं आणि शाळा उघडायच्या आधी परतायचं. सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

यंदा पडला. समाधानला रजा मिळाली नाही. पत्र्याची खोली दुपारी तव्यासारखी तापायची आणि बारा वर्षांचा कल्पेश नि आठ वर्षांची सोनी एकाच मोबाइलवरून दिवसभर कचाकचा भांडायची. एका संध्याकाळी ममता कामावरून आली तर दोघं दोन कोपऱ्यांत तोंडं फुगवून बसलेली.

"मम्मी, आपण कुठेच का जात नाही?" सोनीने विचारलं.

"जाऊ की. गुरुवारी," ममताच्या तोंडून निघून गेलं. गुरुवार समाधानच्या सुट्टीचा. ती स्वतः त्या दिवशी खाडा करणार होती.

समाधान जेवता जेवता थांबला. "कुठे जाणार?"

"दादऱ्याला तळं आहे म्हणतात, बगीचा आहे. वापी रस्त्याने रोज माणसं येतात-जातात, आपल्याला काय मनाई आहे?"

गुरुवारी पहाटे उठून तिने गुळाच्या दशम्या केल्या, कैरीचं लोणचं डब्यात भरलं आणि पाण्याच्या बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळलं. रिक्षा बदलत बदलत सकाळी दहाच्या आत चौघं दादऱ्याच्या वनगंगा तळ्यावर हजर. झाडांची सावली, पाण्यावरचे छोटे पूल, हिरवळ. सोनी एका पुलावरून पाच वेळा गेली आणि पाच वेळा आली. पण कल्पेशचा डोळा पायडलच्या नावेवर.

"मी चालवतो," समाधान ऐटीत म्हणाला. "दिवसभर एवढी मोठी मशीन चालवतो, तिथं हे काय!"

नाव निघाली. समाधान नि कल्पेश पुढे, मायलेकी मागे. समाधानने वळवायचा दांडा एका बाजूला जो दाबून धरला तो सोडलाच नाही, आणि पाय मात्र सायकलच्या शर्यतीत असल्यासारखे. नाव जागच्या जागी भोवऱ्यासारखी गरगरू लागली. सोनी हसून लोटपोट. मग त्याने दांडा उलट्या बाजूला फेकला, तशी नाव सरळ काठाकडे सुसाट गेली आणि पाण्यावर वाकलेल्या झाडाच्या फांद्यांत घुसली. काठावरचा माणूस शिट्ट्या मारत होता, समाधान आणखी जोरात पायडल मारत होता, आणि नाव आणखी खोल रुतत होती.

मागून ममताचा आवाज आला, अगदी शांत.

"पाय थांबवा आधी. कोणी उठायचं नाही."

समाधान थांबला.

"दांडा मधोमध धरा. आता पायडल उलटं मारा. हळू! कल्पेश, बसल्या जागेवरून फांदी ढकल. हां, सुटली. आता डावीकडे घ्या, थोडंच. पुरे. वारं मागून आहे, ते नेईल आपल्याला."

नाव मुकाट्याने मागे सरकली, वळली आणि लोण्यातून सुरी जावी तशी पाण्यावरून धक्क्याकडे निघाली. समाधान मान मागे वळवून बायकोकडे बघतच राहिला.

"तुला हे कुठून आलं?"

"तापीतून," ती म्हणाली आणि हसली.

सारंगखेड्याच्या अलीकडे तिचं माहेर. तिच्या वडिलांची, आबांची होडी होती, हे समाधानला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की पलीकडच्या काठावर निंदायला जाणाऱ्या बायकांना पोहोचवायचं काम दोन उन्हाळे आबांच्या आजारपणात ही तेरा वर्षांची पोर करत होती. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, सासरी बोलू नको, मुलीच्या जातीने वल्हं मारलं म्हटलं तर लोक हसतील. ममता बोलली नाही, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळी तिने आबांना फोन लावला. "आबा, आज मी नाव वळवली."

"कशाची नाव?"

"प्लास्टिकची. बदकाच्या तोंडाची."

पलीकडून आबांचं हसू खोकल्यापर्यंत गेलं. "बदक तं बदक! बुडवलं नाही ना?"

कल्पेशने ही हकीकत मीठमसाला लावून चाळभर सांगितली. शेजारच्या मंजुळाबाई दाराशी आल्या. मुलासोबत इथे येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. "माय वं, मले कोनी तळं बी दाखाडं नही," त्या कुरकुरल्या.

पुढच्या गुरुवारी त्या सोबत होत्या. मग चाळीतलीच रजनी नि तिचा मुलगाही आले. कधी दमणगंगेच्या काठी वडाखाली डबे उघडले, कधी सिल्वासातल्या आदिवासी संग्रहालयात गेले. तिथे मुलं जुने दागिने नि वाद्यं बघत असताना समाधान बाकावर निवांत झोपून गेला. कोणी मोठा खर्च केला नाही. प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा, एवढाच नियम.

शाळा उघडायच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी मिळून एक इको गाडी ठरवली आणि थेट दुधनी गाठलं. डोंगरांच्या कुशीतलं धरणाचं पाणी उन्हाळ्याने खाली गेलं होतं, काठाची तांबडी माती उघडी पडली होती. तरी पलीकडचा काठ दूरच दिसत होता. इथे पायडल नव्हतं, खरं वल्हं होतं. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं चढवली. मंजुळाबाई नावेत बसल्या त्या डोळे गच्च मिटून, ममताचा पदर मुठीत धरून.

नाव आत गेल्यावर ममताने नावाड्याला विचारलं, "दादा, मी मारू थोडं?"

"दीदी, ये खेल नहीं है," तो हसला. "हाथ भर जाएंगे."

"भरू देत."

त्याने वल्हं दिलं, पण स्वतःचा हात जवळच ठेवला. ममताने पाय रोवले, वल्हं पाण्यात घातलं. पहिला फटका वाकडा गेला आणि पाणी रजनीच्या अंगावर उडालं. दुसरा बरा. तिसऱ्याला तिचे खांदे, कंबर, मनगटं आपापलं काम आठवू लागली. नावाड्याने हात मागे घेतला.

वल्ह्याखालून पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायचंही ममताला सुचलं नाही. कितीतरी वर्षांनी आपल्याला कुठे जायचं ते आपणच ठरवतोय, असं तिला वाटलं.

"डोळे उघडा, मंजुळाबाई," ती म्हणाली. "मी आहे ना."

मंजुळाबाईंनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. डोंगर बघितले, पाणी बघितलं, आणि पदर सोडून दोन्ही हात पाण्यात घातले. "कितलं गार शे वं!"

समाधान समोरच्या फळीवर बसून सोनीला सांगत होता, "बघ, तुझी मम्मी बघ." हे त्याने इतक्यांदा सांगितलं, की शेवटी सोनी म्हणाली, "पप्पा, मी बघतेच आहे."

दुसऱ्या दिवशी पॅकिंगला ममताचे हात डोक्याच्या वर जाईनात. सुपरवायझर केसरबाईंनी विचारलं, "पडलीस काय कुठे?"

"नाही हो. सहलीला गेले होते."

"सहलीने हात दुखतात?"

ममताने सगळं सांगितलं. केसरबाईंनी ऐकता ऐकता टेपचा रोल खाली ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत त्याही येणार आहेत, चकल्या घेऊन. आता वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जायचं की पुन्हा दुधनीला, यावरून चाळीत दोन तट पडलेत. मंजुळाबाई दुधनीवर अडून बसल्या आहेत. या खेपेला वल्हं त्या मारणार आहेत.