मोजणी चुकलेला म्हातारा

गावात नुकतंच केबल आलं होतं, त्या सुमाराला मी सणसरच्या वाचनालयात सहायक होते, आणि तिथल्या कपाटात माझीच कादंबरी दुसऱ्याच नावानं उभी होती. गावात कुणाला पत्ता नव्हता. पुण्याच्या प्रकाशकानं 'हलकंफुलकं, खेळावरचं, परदेशात घडणारं काहीतरी द्या' असं सांगितलं होतं. पुण्याच्या पुढं मी कधी गेले नव्हते, पण बारामतीच्या कॉलेजात असताना एका जुन्या इंग्रजी मासिकात स्कॉटलंडमधल्या कुत्र्यांच्या स्पर्धेवर लेख वाचला होता. मालकानं लांबून शिट्टी मारायची, कुत्र्यानं मेंढ्या वळवून वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणायच्या. मेंढ्या म्हटल्यावर मला हुरूप आला, कारण आमचं घर मुळात मेंढरांमागं चालणारं. पुरुषाचं टोपणनाव घेतलं आणि चार महिन्यांत पुस्तक लिहून मोकळी झाले.

मोकळी कसली, अडकले. आमच्या वाचनालयात एक शिरस्ता होता. पुस्तक परत करताना टेबलावरच्या वहीत दोन ओळींचा अभिप्राय लिहायचाच. तपासणीला साहेब आले की वही दाखवता येते, असं कमिटीचं म्हणणं. त्यामुळं माझ्या पुस्तकाला लोक माझ्यासमोर, माझ्याच पेनानं नावं ठेवायचे आणि मी रजिस्टरात डोकं खुपसून बसायचे. माणूस पायरी उतरला रे उतरला की वही ओढायची.

'कुत्र्याच्या खेळावर एवढी पानं? लेखकाने एकदा बैलगाडा शर्यत बघावी.' 'पुस्तकात पैलवान नाही.' 'असली स्पर्धा केबलवर कुठेच दिसली नाही, तरी खरेखोटे तपासावे.' 'तिकडेही भाऊबंदकी आहे हे वाचून बरे वाटले.' कारखान्यातल्या एका क्लार्कनं लिहिलं, 'स्कॉटलंडमध्ये मोजताना पहिल्याला लाभ म्हणतात, ही नवीन माहिती मिळाली. आभार.'

हे शेवटचं वाचून मला घाम फुटला. ज्वारी मापताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझे वडील, आबा, मेंढरंही तशीच मोजायचे: लाभ, दोन, तीन. लिहिण्याच्या भरात मी ते स्कॉटलंडच्या म्हाताऱ्याच्या तोंडी घालून बसले होते. प्रकाशकाला कळलं नाही, मलाही कळलं नाही.

आणि भीती होती ती आबांचीच. बाकीच्यांनी पुस्तक रद्दीत घातलं असतं तरी मी सोसलं असतं. त्या कादंबरीत एक विनोदी म्हातारा मेंढपाळ होता. स्पर्धेआधी पंचांपुढं तो आपल्या मेंढ्या तीनदा मोजतो, तिन्ही वेळा आकडा वेगळा येतो आणि लोक हसून बेजार होतात. हा प्रसंग मासिकातला नव्हता. मी दहा वर्षांची असताना सुप्याकडच्या आमच्या वस्तीवर आबांनी कळप विकला. व्यापारी टेंपो घेऊन आला होता. आबांनी मेंढरं तीनदा मोजली, तीनदा चुकले. व्यापाऱ्याची माणसं हसली, त्यांच्याबरोबर मीही हसले. मग आम्ही इकडं कालव्याच्या पाण्याखालच्या जमिनीत, उसात आलो, आणि मेंढरांचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी मात्र तो काढला, तोही चेष्टेसाठी.

आबांना वाचता येत नव्हतं. पण दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर एक रिटायर्ड गुरुजी चार म्हाताऱ्यांना पुस्तकं वाचून दाखवायचे, आणि त्यातले एक आबा. त्यांनी हे पुस्तक मागू नये म्हणून मी ते कपाटाच्या मागं टाकलं आणि रजिस्टरात 'बाइंडिंगला' असं लिहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आठवड्याभरात गुरुजी बारामतीच्या स्टँडवरून स्वतःची प्रत घेऊन आले. "मेंढरांचं हाय म्हणं," ते खूश होऊन म्हणाले, "आबांना आवडंल."

त्यानंतरच्या दुपारी मी कशा काढल्या माझं मला माहीत. आत बसवेना, बाहेर जाववेना. लेखकवार लावलेली पुस्तकं मी विषयवार लावली आणि दुसऱ्या दिवशी परत लेखकवार. सातव्या दुपारी मोजणीचं प्रकरण आलं. ओट्यावर हशा उठला. मी फडकं हातात घेऊन त्यात आबांचा आवाज शोधत होते. तो नव्हता.

"आरं, हे तर आपल्यातलंच मोजणं हाय की," एक म्हातारा म्हणाला.

"सायबाकडं बी लाभच म्हणत असत्याल," गुरुजींनी निकाल दिला आणि पान उलटलं.

दोन दिवस आबा घरात काहीच बोलले नाहीत. तसे ते कधीच फार बोलायचे नाहीत, पण मला त्यांच्या पाणी पिण्यातही राग ऐकू यायला लागला. सांगून टाकावं, पाय धरावेत असं दहादा वाटलं आणि दहादा मी भांडी घासायला उठले. मला माझी शरम वाटत होती, आणि खरं सांगायचं तर पुस्तक कसं वाटलं हेही त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी पुस्तक संपलं. गुरुजी आणि बाकीचे म्हातारे गेले. आबा आत आले, टोपी नीट केली आणि परक्या वाचकासारखे माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"ऐकणाऱ्याचा अभिप्राय घेता का तुमी?"

मला कधी 'तुमी' म्हणत नसत. मी मान हलवली आणि वही उघडली.

"लिवा मग. पुस्तक चांगलं हाय. कुत्र्याचं समदं बराबर हाय." मी लिहिलं. मग ते खिडकीकडं वळले. "पर लिवणाराला एक सांगा. म्हातारा मोजाया चुकला न्हवता. मोजून झाली की मेंढरं टेंपोत घालाया लागत्यात. म्हणून त्यो परत परत पहिल्यापासनं मोजत हुता."

मी लिहीत गेले. टेंपो हा शब्द कागदावर उमटला आणि पेन थांबलं.

"आबा," मी म्हणाले, "पुस्तकात टेंपो नाही."

"न्हाय व्हय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग तेवढं खोड पोरी."

मी खोडलं नाही. आबांनी अंगठ्यासाठी शाईचं पॅड स्वतःच पुढं ओढलं.